पन्नास गुण करणाऱ्या ऑफेन्ससमोर : कॉलेज फुटबॉलमध्ये डिफेन्सची आठवडाभराची तयारी

मी कोल्हापूरचा. संख्याशास्त्रात एम.एस. करायला अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका छोट्या विद्यापीठात आलो, तोवर फुटबॉल म्हटलं की शाहू स्टेडियम आणि तालमींचे सामने डोळ्यांसमोर यायचे. कॅम्पसवर काम शोधताना इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या व्हिडिओ रूममध्ये जागा मिळाली आणि पुढचे तीन हंगाम मी डिफेन्सच्या प्रशिक्षकांसाठी प्रतिस्पर्ध्यांची फिल्म कापत, तक्ते करत, शनिवारी वरच्या बूथमध्ये बसून नोंदी ठेवत घालवले.

आता दर वर्षी कुणीतरी मराठी मुलगा किंवा मुलगी विचारते, "व्हिडिओ रूममध्ये लागलेय, पुढच्या शनिवारी समोरचा संघ सरासरी पंचेचाळीस गुण करतो, सुरुवात कुठून करू?" शाळेच्या संघाला मदत करणारे काही पालकही हेच विचारतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. चार डाऊन, दहा यार्ड एवढे नियम तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालतो.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. असा ऑफेन्स शून्यावर रोखला जात नाही. काय अजिबात द्यायचं नाही आणि त्याच्या बदल्यात काय द्यायचं, हे सोमवारी ठरवावं लागतं. ते ठरलं नाही तर शनिवारी समोरचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा, ऑफेन्सचा सूत्रधार) तुमच्या वतीने ठरवतो.

जवळ काय हवं

- प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या चार-पाच सामन्यांची फिल्म, दोन्ही कोनांतून. एक मैदानाच्या कडेने उंचावरून, दुसरा एंड झोनच्या मागून. पहिल्यात रिसीव्हर (पास झेलणारे) आणि सेफ्टी (डिफेन्सचे सर्वांत मागचे खेळाडू) दिसतात, दुसऱ्यात लाइनमनचे, म्हणजे चेंडूच्या रेषेवर समोरासमोर भिडणाऱ्यांचे, पाय. टीव्हीचं प्रक्षेपण उपयोगाचं नाही. कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि सेफ्टी चौकटीबाहेर राहतात.
- हडल किंवा संघाकडे असेल ते सॉफ्टवेअर, आणि जोडीला साधी एक्सेल शीट.
- तुमच्याच डिफेन्सची शेवटच्या तीन सामन्यांची फिल्म. समोरचे लोक तीच बघत बसलेले असतात.
- प्रतिस्पर्ध्याचे प्ले काढायला पुठ्ठ्याची मोठी कार्डं आणि जाड मार्कर.
- खेळाडूंसाठी मनगटपट्ट्या आणि त्यांत बसणारी छोटी कार्डं.
- एनसीएएचं, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेचं, चालू वर्षाचं नियमपुस्तक. मागच्या वर्षीचं नको, नियम बदलतात.

दोन सावधगिरीच्या गोष्टी इथेच सांगतो. त्याच हंगामात ज्या संघाशी तुमचा सामना आहे, त्याचा खेळ प्रत्यक्ष जाऊन टिपून आणायला एनसीएएच्या नियमात बंदी आहे. उत्साहाच्या भरात "मी मित्राबरोबर त्यांची मॅच बघून येतो, नोंदी आणतो" असं म्हणू नका. तुमच्यामुळे संघ अडचणीत येईल. दुसरं, तुम्ही एफ-१ व्हिसावर असाल तर सत्र चालू असताना कॅम्पसवरचं काम आठवड्याला २० तासांच्या वर जाता कामा नये. फुटबॉलच्या हंगामात तास कधी उलटून जातात कळत नाही. रोज लिहून ठेवा, आणि शंका आली तर परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात आधी विचारा.

१. त्यांचे गुण आले कुठून, ते मोजा

शीटमध्ये दर प्लेला एक ओळ : डाऊन, किती यार्ड हवेत, चेंडू कोणत्या हॅशवर (मैदानाच्या आतल्या खुणांच्या दोन रांगांपैकी), मैदानात कोणते खेळाडू, रचना, मोशन (चेंडू सुटण्याआधी एखाद्याचं सरकणं), प्ले, मिळालेले यार्ड. खेळाडूंसाठी दोन आकडी खूण चालते. ११ म्हणजे एक रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा), एक टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून ब्लॉकही करणारा आणि पासही झेलणारा) आणि उरलेले तीन रिसीव्हर. १० म्हणजे एक बॅक, टाइट एंड नाही, चार रिसीव्हर.

नवखा माणूस इथे सरासरी काढतो आणि घाबरतो. सरासरी बाजूला ठेवा आणि ड्राइव्हनुसार, म्हणजे चेंडू हाती आल्यापासून जाईपर्यंतचे प्ले एकत्र धरून, बघा. गुण मिळालेला प्रत्येक ड्राइव्ह उघडायचा आणि त्यात १२ यार्डांच्या पुढची धाव किंवा १६ यार्डांच्या पुढचा पास आहे का ते पाहायचं. बहुतेक वेळा एक तरी सापडतो. तो काढून टाकला तर काय उरतं याचा हिशेब करा. ड्राइव्ह २५ यार्डांच्या रेषेवरून सुरू झाला तर ७५ यार्ड जायचे असतात. दर प्लेला साडेपाच यार्ड मिळाले तरी चौदा प्ले लागतात, आणि चौदा प्लेंमध्ये कुणाच्या तरी हातून चेंडू सुटतो, एखादी पेनल्टी होते, एखादा सॅक होतो, म्हणजे क्वार्टरबॅक पास फेकण्याआधीच पाडला जातो. म्हणून मोठा प्ले द्यायचा नाही, हे पहिलं कलम.

२०१९चा एलएसयू (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) आठवा. क्वार्टरबॅक जो बरोचे ६० टचडाऊन पास, सामन्यामागे ४८.४ गुण, पंधरापैकी पंधरा सामने जिंकलेला संघ. त्या हंगामात त्यांना सर्वांत कमी, २३ गुणांवर ठेवलं ते ऑबर्नने. ऑबर्नने बऱ्याचदा पुढे तीनच लाइनमन ठेवले आणि बाकीचे आठ मागे सोडले. डेरिक ब्राऊनसारखा लाइनमन पुढे असल्यामुळे ते परवडलं, हेही लक्षात घ्या. बरोने तरीही ३००च्या वर यार्ड काढले आणि सामना एलएसयूने २३-२० असा जिंकला. पण ऑबर्नच्या डिफेन्सने आपलं काम केलं होतं. यार्ड दिले, गुण फारसे दिले नाहीत.

मोजताना एक चूक हमखास होते. सामना एकतर्फी झाल्यानंतरचे प्ले शीटमध्ये तसेच राहतात. ३५ गुणांची आघाडी असताना ते जे खेळले ते तुमच्याविरुद्ध खेळणार नाहीत. ते गाळा.

२. ऑफेन्स तुमच्या कोणत्या खेळाडूला कोंडीत पकडतो, ते शोधा

भरपूर गुण करणाऱ्या ऑफेन्सची घराणी वेगवेगळी आहेत. हॅल मम्मी आणि माइक लीच यांनी आयोवा वेस्लियनमध्ये १९८९पासून घडवलेला एअर रेड हे एक घराणं; बहुतेक पासच, प्ले थोडे, पण सरावाने घोटलेले. दोन रिसीव्हर एकमेकांना घासून जाणारा मेश, चौघे सरळ पळणारे फोर व्हर्टिकल्स. चिप केलीच्या ओरेगनमधला वेगवान स्प्रेड (खेळाडू मैदानाच्या रुंदीभर पसरवणारा) हे दुसरं, त्याचा पाया धावण्याचा. आज बहुतेक संघांकडे दोन्हींचं मिश्रण असतं. घराण्याचं नाव महत्त्वाचं नाही. तुमचा कोणता खेळाडू एकाच वेळी दोन कामांत अडकतो ते शोधायचं.

सगळ्यात जास्त त्रास देतो तो आरपीओ (रन-पास ऑप्शन, धाव की पास हे आयत्या वेळी ठरवणारा प्ले), म्हणून तो जवळून बघू. क्वार्टरबॅक चेंडू बॅकच्या पोटाशी धरतो, पण नजर एका लाइनबॅकरवर (डिफेन्सच्या लाइनमनच्या मागे उभा असलेला खेळाडू) असते. लाइनबॅकर धाव अडवायला दोन पावलं पुढे आला की चेंडू बाहेर निघतो आणि त्याच्या पाठीमागे मोकळ्या झालेल्या जागेत स्लँट (तिरक्या धावेने आत येणाऱ्या रिसीव्हरला दिलेला छोटा पास) पडतो. तो जागेवर थांबला की चेंडू बॅककडे जातो आणि आपल्याकडे एक माणूस कमी. शिवाय कॉलेजच्या नियमात पास सुटेपर्यंत लाइनमनना तीन यार्ड पुढे जाता येतं, एनएफएलमध्ये एकच. त्यामुळे लाइनमनचे पाय बघून धाव की पास ओळखायची शाळेतली सवय इथे दगा देते.

उपाय "लाइनबॅकरने नीट ओळखावं" हा नाही. कुणालाच ते दर वेळी जमत नाही. त्याच्याकडे दोन कामं ठेवूच नका. या कॉलमध्ये (प्लेआधी डिफेन्सला दिलेल्या आदेशात) तू फक्त धाव, मागचा स्लँट निकेल (पास अडवायला आणलेला जादा खेळाडू) आतल्या बाजूने बंद करेल. त्या कॉलमध्ये तू फक्त पास, धावेला सेफ्टी वरून येईल. क्वार्टरबॅक ज्याला वाचतोय तो आधीच ठरवून उभा असला की वाचायला काही उरत नाही.

झोन रीडचंही, म्हणजे चेंडू बॅकला द्यायचा की स्वतः पळायचं हे क्वार्टरबॅक ठरवतो त्या प्लेचंही, तसंच. तिथे मुद्दाम ब्लॉक न केलेल्या डिफेन्सिव्ह एंडला (डिफेन्सच्या टोकाच्या लाइनमनला) वाचतात. एंडने आत बॅकवर जायचं आणि लाइनबॅकरने त्याच्या मागून बाहेर येऊन क्वार्टरबॅक घ्यायचा, ही अदलाबदल दोघांना झोपेत जमली पाहिजे. मात्र दर वेळी तेच करू नका; चौथ्या-पाचव्या वेळेला ते हेरतात.

३. काय द्यायचं ते ठरवा, आणि मैदानाची मापं कामाला लावा

मैदानाची रुंदी १६० फूट. कॉलेजमध्ये दोन हॅशमधलं अंतर ४० फूट आहे, एनएफएलमध्ये जेमतेम साडेअठरा. म्हणजे कॉलेजमध्ये चेंडू हॅशवर असला की एका बाजूला ६० फूट आणि दुसऱ्या बाजूला १०० फूट जागा. चांगले ऑफेन्स ही मोठी बाजू वापरून तुम्हाला ताणतात. पण छोट्या बाजूला बाहेरची रेषा तुमच्या वतीने खेळते. आमचे प्रशिक्षक सर्वांत भरवशाचा कॉर्नर (बाहेरच्या रिसीव्हरला अडवणारा) छोट्या बाजूला एकटा ठेवायचे आणि वाचलेला सेफ्टी मोठ्या बाजूला सरकवायचे. नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे.

मोठ्या बाजूला काय द्यायचं? बाहेर फेकलेला बबल स्क्रीन, पाच यार्डांचा हिच, असे छोटे पास. द्या. पण पकडल्या जागी पाडा.

२०१७चा आयोवा स्टेट बघण्यासारखा आहे. बिग १२ या त्यांच्या लीगमध्ये दर आठवड्याला कुणी ना कुणी चार रिसीव्हर घेऊन यायचं. डिफेन्सचे प्रमुख प्रशिक्षक जॉन हीकॉक यांनी त्या हंगामात मागे तीन सेफ्टी उभे करायला सुरुवात केली. पुढे तीनच लाइनमन, पण आत दाबून : एक सेंटरसमोर, दोघे समोरच्या टॅकलच्या (ऑफेन्सच्या कडेच्या लाइनमनच्या) आतल्या खांद्यावर. त्यामुळे मधून धावायची वाट बुजते, बॅकला बाहेर वळावं लागतं, आणि तो वळेपर्यंत मधला सेफ्टी वरून उतरलेला असतो. पासच्या वेळी तोच सेफ्टी मधली खोल जागा झाकतो. ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमाच्याच मैदानावर, नॉर्मनला जाऊन त्यांनी तिसऱ्या क्रमांकावरच्या ओक्लाहोमाला ३८-३१ हरवलं. समोर बेकर मेफील्ड होता, जो त्या वर्षी हाइझमन, म्हणजे सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार, जिंकला. ३१ गुण दिले तरी सामना जिंकता येतो, याचं मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

पण ही रचना जशीच्या तशी उचलू नका. तीन सेफ्टी ठेवायचे तर तिघेही उघड्यावर टॅकल करणारे (चेंडूवाल्याला एकट्याने पाडणारे) हवेत. ते नसतील तर चार लाइनमन आणि दोन सेफ्टीच बरे.

४. कॉल कमी करा, मग आणखी कमी करा

हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या दुसऱ्या हंगामात एका तुफान ऑफेन्सविरुद्ध आम्ही चौदा कॉल तयार केले. तक्ता फार देखणा झाला होता. तो मीच केला होता. शनिवारी पहिल्याच ड्राइव्हला आमचा मधला लाइनबॅकर बाजूच्या रेषेकडे बघत, दोन्ही तळहात वर करून विचारत होता, "काय?" तेवढ्यात चेंडू निघाला. स्लँट त्याच्या उजव्या कानाजवळून गेला आणि तो वळेपर्यंत रिसीव्हर चाळीस यार्ड पुढे होता. मध्यंतरापर्यंत हेच चाललं. मुलगा हुशार होता, आठवडाभर मन लावून बसला होता. आम्ही त्याच्या डोक्यात मावेल त्याहून जास्त कोंबलं होतं.

त्यानंतर ठरलं : दोन फ्रंट (पुढच्या फळीची मांडणी), तीन कव्हरेज (पास अडवायची मांडणी), दोन ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडणं). सगळे एका शब्दात बोलता येतील असे. स्नॅपआधी, म्हणजे चेंडू सुटण्याआधी, समोरच्याला दिसणारं चित्र शक्यतो एकच, आणि बदल चेंडू सुटल्यावर. दोन सेफ्टी वर दिसतात. चेंडू सुटला की एक खाली येतो, किंवा येत नाही. सात कॉलमधूनही क्वार्टरबॅकला विचार करायला लावता येतं.

वेगाबद्दलचे नियम तोंडपाठ हवेत :

- ऑफेन्सने खेळाडू बदलला तर तुम्हालाही बदलायला वेळ मिळतो, पंच चेंडू अडवून धरतात. त्यांनी बदलला नाही तर तुमचा दमलेला लाइनमन आतच अडकतो. म्हणून बूथमधल्या एकाने फक्त त्यांची अदलाबदल बघायची.
- २०२४पासून वरच्या विभागात, म्हणजे एफबीएसमध्ये, एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज पोहोचतो, पण घड्याळात १५ सेकंद उरले की बंद होतो. वेगवान संघ विचार करायला फारच थोडा वेळ ठेवतात, आणि उरलेल्या दहा जणांना हाताच्या खुणाच लागतात. खुणांचा सराव सोडू नका.
- वेग तोडायला खेळाडूने दुखापतीचं सोंग करू नये. ते खेळाला शोभत नाही. शिवाय २०२५पासून चेंडू जागेवर ठेवल्यानंतर कुणासाठी वैद्यकीय मदत आत आली तर त्या संघाचा टाइमआउट जातो.

५. मंगळवार-बुधवार : सराव त्यांच्या वेगापेक्षा जास्त वेगाने

कार्डं इथे लागतात. राखीव खेळाडूंचा एकच गट प्रतिस्पर्धी म्हणून उभा केला तर कार्ड बघून रांगेत यायलाच त्याला अर्धा मिनिट जातो, आणि तुमच्या डिफेन्सला आरामात खेळायची सवय लागते. दोन गट करा. एक खेळत असताना दुसऱ्याने पुढचं कार्ड बघून तयार राहायचं. चेंडू दर पंधरा सेकंदांनी सुटला पाहिजे. कार्डावर रिसीव्हरच्या वाटा जाड रेषेने काढा, पेनाने काढलेलं पाच यार्डांवरून दिसत नाही.

बाकी वेळ टॅकलला. छोटा पास द्यायचा ठरवलाय ना? मग तो छोटाच राहायला हवा, आणि ते फक्त टॅकलवर अवलंबून आहे. चेंडूवाल्याच्या जवळच्या कमरेवर नजर, त्याला आत वळायला लावायचं कारण तिथे आपली माणसं आहेत, मग खांदा मांडीला, हात मागून बांधलेले, आणि पाय थांबवायचे नाहीत. आमच्याकडे कुस्तीत पट काढताना वस्ताद कंबर खाली ठेवायला ओरडतात. इथले प्रशिक्षक तेच ओरडतात. डोळे वर. मान खाली घालून डोक्याने धडक देणं आधी स्वतःच्या मानेला धोक्याचं आहे, आणि टार्गेटिंग (डोक्याने किंवा डोक्यावर धडक देण्याचा गुन्हा) ठरलं तर खेळाडू सामन्याबाहेर जातो. याबाबतीत सरावातही सूट देऊ नका.

आणि पाठलाग. १७ नोव्हेंबर २०१२, ओरेगन विरुद्ध स्टॅनफर्ड. ओरेगन अपराजित होता, दर सामन्याला पन्नासच्या वर गुण करत होता. मार्कस मारियोटा आपल्याच गोलजवळून सुटला आणि ७७ यार्ड पळाला. स्टॅनफर्डचा सेफ्टी डेव्हॉन कॅरिंग्टन मागे लागला आणि त्याने त्याला १५ यार्डांवर पाडलं. नंतर डिफेन्सने चौथ्या डाऊनपर्यंत झुंजून ओरेगनला एकही गुण दिला नाही. स्टॅनफर्डने तो सामना जादा वेळेत १७-१४ जिंकला. मी ही क्लिप दर हंगामाच्या पहिल्या बैठकीत लावायचो. सुटलेला माणूस सुटला असं समजून जे दोघे-तिघे चालायला लागतात, त्यांना ती दाखवावीच.

६. शनिवार

पहिल्या दोन ड्राइव्हमध्ये काही बदलू नका. बरेच ऑफेन्स सुरुवातीचे प्ले आधीच लिहून आणतात, आणि तुम्ही कसे उभे राहता तेच तपासत असतात. बूथमध्ये बसून तुम्ही तीनच गोष्टी टिपा : सोमवारच्या शीटमध्ये नसलेली रचना, कुणाला वाचलं जातंय, आणि टॅकल कुठे सुटले.

रेड झोनमध्ये, म्हणजे तुमच्या गोलपासच्या शेवटच्या वीस यार्डांत, चित्र पालटतं. मागे पळायला जागा उरत नाही, त्यामुळे मैदानभर ताणणाऱ्या ऑफेन्सची अर्धी हत्यारं बोथट होतात. सेफ्टी खाली आणा, धाव अडवा, खोल पासची भीती सोडा. इथे फील्ड गोल दिला तर तो तुमचा विजय समजा आणि मुलांना तसं सांगा. सातऐवजी तीन असं चार वेळा झालं की सोळा गुण वाचतात.

ब्लिट्झ जपून वापरा. चांगला क्वार्टरबॅक ब्लिट्झची वाट बघत असतो. तो ओळखला की रिसीव्हर एकास एक सापडतो. तिसऱ्या डाऊनला सात-आठ यार्ड हवे असताना, आधी न दाखवलेला, एक-दोनदा.

मध्यंतर वीस मिनिटांचं. जाण्या-येण्यात आणि पाणी पिण्यात निम्मं जातं. तीन सुधारणा सांगा, चौथी लक्षात राहत नाही.

७. रविवारी सकाळी

निकाल काहीही असो, फिल्म त्याच दिवशी कापा. आधी सुटलेले टॅकल एका फोल्डरमध्ये, मग १२ आणि १६ यार्डांच्या पुढचे दिलेले प्ले दुसऱ्यात. प्रत्येकापुढे एकच नोंद : कॉल चुकला, जागा चुकली, की माणूस पडला नाही. तिन्हींचा इलाज वेगळा असतो, म्हणून ही नोंद घाईत करू नका. दुपारपर्यंत पुढच्या प्रतिस्पर्ध्याची फिल्म येते. नवी शीट उघडण्याआधी हे दोन फोल्डर प्रशिक्षकांकडे गेलेले असू द्या, सोमवारची बैठक त्यांच्यापासून सुरू होते.